सर्वांत वरचा थर

१

सुई आत शिरत असताना त्या खोलीत कोणी श्वास घेत नसे.

हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. भिंतीवर हातमोज्यांविषयी सूचना होती, चष्म्यांविषयी होती, आग लागल्यास कोणत्या दाराने बाहेर पडावे याचा नकाशाही होता. श्वासाविषयी एक अक्षर नव्हते. तरीही दुपारी तीनच्या सुमारास माझी धाकटी बहीण सूक्ष्मदर्शकाशेजारच्या स्टुलावर बसे, पितळी चाकावर दोन बोटे ठेवी आणि मान किंचित हलवी. त्याबरोबर ती आणि तिचे सुईवाले, दोघेही श्वास धरीत.

निरनिराळ्या व्यवसायांतील अशा अलिखित चाली गोळा करणे हे माझे आयुष्यभराचे काम आहे. प्रत्येक चालीला एक सांगितले जाणारे कारण असते आणि एक न सांगितले जाणारे. अभ्यासकाने पहिले ऐकून घ्यावे आणि दुसऱ्याची वाट पाहावी, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आलो. बहिणीला हे ठाऊक होते. म्हणूनच एका सकाळी चहाचा कप बशीत आपटून ती म्हणाली, "दादा, तुझ्या वहीत शोभेल अशी एक चाल आमच्याकडे आहे. ये नि बघ. पण मध्ये बोलायचं नाही."

सांगितले जाणारे कारण सरळ होते. सुईचे टोक केसाच्या सातव्या हिश्श्याएवढे. श्वासाने छाती हलते, छातीने हात, हाताने सुई. हातातून निसटता झटका गेला तरी टोक तुटते. ती सुई ज्योतीवर काच ओढून तयार करणारे गृहस्थ पन्नाशीचे, सडपातळ आणि तोंडाने फटकळ होते.

"सर, मॅडमना एक शिंक आली की माझे तीन दिवस गेले," ते म्हणाले. "मागे एकदा उचकी लागली होती. मी आठवडाभर देवाचं नाव घेतलं नाही, रागाने."

"तुम्ही एरवी तरी घेता का?" बहीण म्हणाली.

"नाही. पण तो आठवडा मुद्दाम."

मी वहीत पहिल्या दिवसाची नोंद केली: श्वास धरण्याचा काळ, अठ्ठावीस सेकंद.

२

सुईखाली एका उथळ काचेच्या बशीत, रुपयाएवढ्या आकाराचा तांबूस थर होता. जिवाणूंची वसाहत. ती आमच्याच घरातून आली होती. न्हाणीघरातल्या शॉवरची जाळी उघडली तेव्हा आत जो बुळबुळीत पापुद्रा निघाला, त्यातून बहिणीने ती वाढवली होती. आई त्यावर म्हणाली होती, "चिऊ, लोक घरची फुलं घेऊन जातात ऑफिसात. तू हे नेतेस?"

चिऊ हे तिचे घरातले नाव. ती सेहेचाळीस वर्षांची आहे आणि तिच्या हाताखाली अकरा माणसे काम करतात; आईला यांपैकी कशाचेच कौतुक नाही.

"वरून बघ," बहीण मला म्हणाली. "सुरकुत्या दिसतात?"

दिसत होत्या. फार वेळ पाण्यात राहिल्यावर बोटांची टोके होतात, तशी ती चकती आक्रसून वळ्यावळ्यांची झाली होती.

"त्या उगाच नाहीत. सुरकुत्या पडल्या की हवेला लागणारी जागा वाढते. कारण हवा फक्त वरच्या थराला मिळते. वरचे सगळा प्राणवायू पिऊन टाकतात." तिने नुकत्याच झालेल्या मापनाचे आकडे पडद्यावर आणले. "ही बघ माझी सुई खाली निघाली. इथे भरपूर. इथे निम्मा. आणि इथून खाली शून्य. ठणठणाट. आणि तरी खालचे सगळे जिवंत आहेत! सांग कसे?"

"दुसरं काही खात असतील."

"खायला तळाशी हवं तेवढं आहे. प्रश्न खाण्याचा नाही, खाल्लेल्याचं ओझं टाकण्याचा आहे. श्वसन म्हणजे काय रे? अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन शेवटी कुणाच्या तरी पदरात टाकायचे. आपण ते प्राणवायूच्या पदरात टाकतो. खाली पदरच नाही. मग हे पठ्ठे एक निळसर द्रव्य बनवतात. ते खाली जातं, ओझं उचलतं, वर येतं, वर प्राणवायूला देतं आणि रिकाम्या हाताने पुन्हा खाली."

"म्हणजे वरचे खालच्यांसाठी श्वास घेतात."

"'साठी' म्हणू नकोस. त्यांना मन नाही. खालच्यांचा श्वास वर जाऊन पुरा होतो, एवढंच म्हण."

"आणि ते द्रव्य विरघळून निघून का जात नाही?"

तिचे डोळे लकाकले. लहानपणी माझ्या कॉलेजच्या पिशवीत बेडूक ठेवल्यावर लकाकले होते, अगदी तसे. "मेलेल्यांनी धरून ठेवलेलं असतं. पेशी मरून फुटते, तिच्यातले गुणसूत्रांचे धागे बाहेर सांडतात आणि सगळ्या थरभर जाळ्यासारखे पसरतात. द्रव्य त्या धाग्यांना चिकटून राहतं. मेलेले नसते तर खालचे गुदमरले असते."

मृतांच्या आधाराने जिवंतांचा श्वास चालतो, अशी कथने मी शेकड्यांनी ऐकली आहेत. ती सांगणाऱ्या प्रत्येकाला समोरच्याला थोडे तरी घाबरवायचे असे. येथे मात्र ते केवळ मोजमाप म्हणून सांगितले गेले होते, आणि आनंदाने. त्या दुपारी घरी परतताना मी तरुणासारखा भराभर चालत होतो.

३

चूक प्रथम माझ्या वहीत दिसली.

पहिला दिवस अठ्ठावीस सेकंद. दुसरा एकतीस, तिसरा चाळीस. येथवर सराव म्हणता आले असते. पाचव्या दिवशी एक मिनिट पंधरा, सातव्या दिवशी दोन मिनिटे पस्तीस. नवव्या दिवशीची नोंद मी रात्रीच्या जेवणाआधी पुन्हा वाचली: चार मिनिटे दहा सेकंद.

अक्षर माझेच होते. घड्याळ मी भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिले. त्यात फरक नव्हता. मग मी आठवू लागलो की चार मिनिटे श्वास धरल्यावर त्या दोघांनी काय केले. पाण्यातून वर आलेला माणूस जसा हपापून हवा घेतो, तसे त्यांनी केले नव्हते. सुई वर आली, बहिणीने आकडे वाचले आणि सुईवाल्यांनी जांभई दिली.

दहाव्या दिवशी मी खिशात सूक्ष्मदर्शकाची एक काचपट्टी नेली. सुई आत गेल्यावर ती सुईवाल्यांच्या नाकापुढे धरली. काचेवर वाफ धरली नाही. एक मिनिट गेले, तीन गेले, पाच गेले. काच स्वच्छ. सुईवाल्यांचे डोळे माझ्याकडे पाहून हसत होते. त्यांच्या कपाळावर एक शीरही ताणलेली नव्हती.

सुई बाहेर आल्यावर ते म्हणाले, "काय सर, गेलो की आहे ते बघत होता? अजून दोन हप्ते राहिलेत स्कूटरचे, एवढ्यात कसा जाईन?"

"पाच मिनिटं चाळीस सेकंद," मी म्हणालो. "तुम्ही दोघांनीही श्वास घेतला नाहीत."

बहीण हसली. मग माझा चेहरा पाहून थांबली. तिने वही ओढून घेतली, दहाही नोंदी वाचल्या आणि खणातून बोटाला लावायचे प्राणवायू मोजण्याचे यंत्र काढले. सुई पुन्हा आत गेली. सहा मिनिटे दोघेही निश्चल, आणि यंत्रावर आकडा अठ्ठ्याण्णव. जराही हलला नाही.

त्यानंतर ती बाहेरच्या व्हरांड्यात धावत गेली आणि तेथे एकटीच, दोन्ही हात डोक्यावर ठेवून, मोठ्याने हसली. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर मीही हसलो. माणसाला आयुष्यात एकदा तरी असे काही सापडावे की ज्यापुढे त्याची सगळी पुस्तके थिटी पडतात. मला ते एकसष्टाव्या वर्षी सापडले होते.

सुईवाले तेवढे हसले नाहीत. "मॅडम, पण मग आपल्या वाटणीची हवा घेतंय कोण?"

तो प्रश्न आम्हां दोघांनाही त्या दिवशी पुरेसा महत्त्वाचा वाटला नाही.

४

आई एकोणऐंशी वर्षांची आहे. चाळीस वर्षे तिने तलावावर मुलांना पोहायला शिकवले. आजही तिच्या छातीकडे पाहून डॉक्टर मान डोलवतात. आम्ही दोघे भावंडे तिच्याजवळच राहतो. घर प्रयोगशाळेपासून चालत दहा मिनिटांवर.

त्या संध्याकाळी ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसून मला म्हणाली, "अरे, आज दुपारी मला धाप लागली."

"जिना चढलीस?"

"कसला जिना! पेपर वाचत होते. एकाएकी भात्यासारखी छाती सुरू. बरं, घाबरले म्हणशील तर तेही नाही. उलट मजा आली." ती पुढे झुकली. "दमलेल्या मुलाला पाठीवर घेऊन काठाला आणायचे ना मी? तस्सं. पाठीवर कुणीतरी आहे आणि मी दोघांचं पोहतेय."

"किती वाजता?"

"तीनच्या बातम्या नुकत्याच संपल्या होत्या. आणि आजचंच नाही हं. कालही झालं." तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बोट केले. ज्या दिवशी धाप लागली त्या तारखेवर तिने पेन्सिलीने फुली मारली होती. रक्तदाबाच्या गोळीची खूण ती अशीच करते.

मी वही उघडून दिनदर्शिकेपुढे उभा राहिलो. मापनाचे दिवस दहा, फुल्या आठ. उरलेल्या दोन दिवशी दुपारी ती झोपली होती, त्यामुळे तिला सांगता येईना. मापन नव्हते त्या रविवारी फुली नव्हती.

योगायोग पुरावा म्हणून स्वीकारू नये, हे मी इतरांना शिकवले आहे. वृद्धांना धाप लागते. दुपारी तीनला कितीतरी गोष्टी घडतात. मी ही सगळी कारणे एकेक करून मनाशी मांडली, आणि त्या सर्व वेळ माझी नजर आईच्या छातीवर होती. ती सावकाश, खोल, नेहमीसारखी वरखाली होत होती.

५

बहिणीने माझे म्हणणे न हसता ऐकले.

"दहापैकी आठ," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला, आणि त्याच चेहऱ्यावर दुसरे काहीतरी उजळले. "दादा, आईला काही झालं तर मी हे सगळं नाल्यात ओतीन. पण आधी खरं आहे का ते तर बघायला हवं."

"कसं?"

"उद्या तू घरी तिच्याजवळ बस. मी सुई कधी घालणार ते तुला सांगणार नाही. तिला धाप लागली की तू वेळ लिही. मी इथे लिहीन. संध्याकाळी दोन्ही कागद ताडून बघू. जुळले तर जुळले, नाही तर तुझा एक लेख लिहायचा वाचला."

"आणि तिला त्रास झाला तर?"

"फोन कर. त्याच क्षणी सुई वर. दहा मिनिटांपलीकडे मी जाणार नाही, शपथ."

मी मान्य केले. एवढी नीटस चाचणी मला सुचली नसती, याचा थोडा हेवाही वाटला. आमची चूक येथे झाली, आणि ती आमच्यासारखीच माणसे करू शकतात. गोष्ट खरी आहे की नाही हे पाहण्याची आम्हांला एवढी घाई झाली, की ती खरी निघाली तर त्या वेळी खुर्चीत आई बसलेली असेल, हे दोघांनीही डोळ्यांआड केले. तिला आम्ही विचारलेसुद्धा नाही.

६

दोन वाजून सदतीस मिनिटांनी आईने हातातले विणकाम खाली ठेवले.

"आलं," ती म्हणाली, जणू दारात पाहुणा आला.

मी वेळ लिहिली. तिचा श्वास वाढला. गालांवर लाली चढली. पहिली पाच मिनिटे मी केवळ मोजत होतो. मग मोजणे चुकू लागले. तिचा स्वतःचा, पोहणाऱ्याचा लांब श्वास चाललाच होता. त्यावर दुसरा एक, आखूड आणि भरभर, जाऊन बसला होता. छातीची एक बाजू वर येई तेव्हा दुसरी खाली जाई. थोड्या वेळाने त्यांच्या मधोमध तिसराच काही ठेका सुरू झाला.

"आई, पुरे. मी चिऊला फोन लावतो."

"थांब... रे." ती हसत होती, डोळे पाण्याने भरले होते. "दोघं आहेत... नाही... जास्त आहेत. ने... नेते मी काठाला."

फोन वाजत राहिला. पुन्हा लावला, वाजत राहिला. दहा मिनिटे उलटून गेली होती. आईने माझा हात धरला, आणि मला तिची बोटे लागली. मी ती उलटी करून पाहिली. दुपारपासून तिने पाण्याला हात लावला नव्हता, तरी टोके आक्रसून पांढरी पडली होती, वळ्यावळ्यांची. आणि त्या वळ्या मी पाहत असताना मनगटाकडे सरकत होत्या.

समोरच्या दारातल्या वहिनींना मी हाक मारली, "आईजवळ बसा, मी आलोच," एवढे म्हणालो आणि धावत सुटलो.

७

खोलीत कसलीच गडबड नव्हती. बहीण स्टुलावर, बोटे पितळी चाकावर. सुईवाले तिच्या शेजारी उभे. टेबलावर फोन थरथरून थरथरून कडेला आला होता. दोघांचे चेहरे टवटवीत होते. मला पाहून बहिणीने केवळ भुवया उंचावल्या आणि नजरेने पडदा दाखवला.

तिने मला आकडे वाचायला शिकवले होते. त्या थराची जाडी, सगळ्यांत फुगीर भागात, सव्वादोनशे मायक्रॉन, म्हणजे पाव मिलिमीटरही नाही. त्याखाली जिवाणूंना अन्न पुरवणारा खळीचा थर, त्याखाली काच, त्याखाली टेबल. पडद्यावर सुई किती खोल गेली त्याचा आकडा एकोणीस हजार होता. सुई तुटली नव्हती. बहिणीची बोटे स्थिर होती, चाक फिरत नव्हते, आणि आकडा वाढत होता. प्राणवायूच्या रकान्यात शून्य. त्याच्या शेजारच्या रकान्यात, जेथे खालून वर येणारे ओझे मोजले जाई, तेथला आकडा मात्र शून्य नव्हता. तो एका संथ लयीत वरखाली होत होता.

"चिऊ, सुई काढ! आई..." असे मी ओरडलो. म्हणजे ओरडण्यासाठी तोंड उघडले. आवाज उमटला नाही, कारण छातीत हवाच नव्हती. मी दहा मिनिटांची वाट धावत आलो होतो, दोन जिने चढलो होतो, आणि मला धाप लागली नव्हती. दारातून आत पाऊल टाकल्यापासून मी श्वास घेतला नव्हता. त्याची मला जराही उणीव भासत नव्हती. उलट फार बरे वाटत होते. पाठीवर घेऊन कोणी आपल्याला काठाकडे नेत असावे तसे. बहीण का हलत नव्हती ते मला त्या क्षणी समजले, आणि आणखी थोडा वेळ थांबावे असा विचार माझ्या मनात आला, हे मी लपवीत नाही.

मग मला आईची ती बोटे आठवली. मी पुढे झालो आणि सुई मुठीत धरून तोडली.

आवाज अगदी बारीक झाला. त्यासरशी आम्ही तिघांनीही एकाच वेळी बुडणाऱ्यांसारखी हवा ओढली. सुईवाले टेबलाला धरून खाली बसले. बहिणीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"तळ... लागला नव्हता... दादा," ती म्हणाली. "अजून... खाली..."

मी घरी फोन लावला. वहिनींनी उचलला. "अहो, एवढे घाबरता काय? आई अगदी शांत बसल्यात. घ्या, बोला."

"अरे, किती धावपळ ती," आईचा स्वच्छ, मोकळा आवाज आला. ती सांगू लागली की आता काही त्रास नाही, उलट इतके हलके कित्येक वर्षांत वाटले नव्हते आणि वहिनी उगाच पाणी प्या म्हणून मागे लागल्या आहेत आणि आपल्याला आज दुपारी एकदम आठवले की तलावाच्या खोल बाजूला पायऱ्यांचा रंग कोणता होता आणि चिऊला सांग की शॉवरची जाळी परत बसवली नाही तर पाणी कसेही उडते...

मी ऐकत होतो आणि धापा टाकत होतो. एक मिनिट झाले, दोन झाली. तिचे वाक्य संपत नव्हते. त्यात कुठेही, श्वासापुरतीही, फट नव्हती.

मी स्वतःचा श्वास आवरून पाहिला. आवरेना. बहिणीनेही तेच केले असावे, कारण ती आता मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होती, एक हात स्वतःच्या छातीवर, दुसरा सुईवाल्यांच्या पाठीवर. ओठ आकडे पुटपुटत होते. इतक्या भीतीतही तिने मोजले. मग तिने मान वर केली. तो चेहरा मी ओळखत होतो. काही सापडले की तिचा असाच होतो.

"मिनिटाला... पन्नास. तिघांचे... दीडशे." तिला मध्ये थांबावे लागले. "दादा... एकट्या आईला... एवढा लागत नाही."

तिने माझ्या हातातून फोन घेतला. "आई," ती म्हणाली, "तुझ्याजवळ... कोण कोण आहे?"

आई बोलायची थांबली. श्वासासाठी नव्हे. घरात पाहुणे फार झाले की पाने किती मांडायची हे ठरवण्यासाठी ती दारात उभी राहून थांबते, तेवढी.